किलोक काय भाव?

पहिल्या दिवशी फोरमनने मला सांगितलं, "आजपासून श्यूत तुझ्याकडे."

माझं फ्रेंच तेव्हा बेकरीत पाव मागण्यापुरतं होतं. पण हा शब्द मला नेमका येत होता. वसतिगृहाच्या जिन्यात 'श्यूत'पासून सावध राहा, अशी पाटी होती. श्यूत म्हणजे पडणं. तेव्हा यार्डात कुणी पडू नये, यावर लक्ष ठेवायचं काम आपल्याकडे आलंय, असं मी समजले. दोन दिवस वही घेऊन फिरले. शिड्या मोजल्या, कठडा नसलेल्या जागा टिपल्या, रेझिन सांडून फरशी कुठे निसरडी झालीय त्याचे फोटो काढले. तिसऱ्या दिवशी पाच पानी अहवाल फोरमनच्या टेबलावर ठेवला.

त्याने तो शेवटपर्यंत वाचला, हे त्याचं मोठेपण. मग मला कापड कापायच्या टेबलापाशी घेऊन गेला. टेबलाखाली काचेच्या कापडाचे तुकडे गुडघाभर साचले होते: त्रिकोणी, लांबट, चंद्रकोरीसारखे. शिंप्याच्या मशीनखाली असतात तसे. "हे श्यूत," तो म्हणाला. कापताना खाली पडतं, म्हणून श्यूत. म्हणजे मला कातरणं सांभाळायची होती.

(अहवालातल्या दोन शिड्या त्याने आठवड्याभरात बदलून घेतल्या. हे मी मुद्दाम नमूद करते, कारण त्या सहा महिन्यांत माझ्या हातून झालेल्या थोड्या निर्विवाद उपयोगी कामांपैकी ते एक.)

मी मालवणची. मुंबईत केमिकल इंजिनिअरिंग केलं आणि मग मटेरियल्स शिकायला फ्रान्समध्ये नाँतला आले. शेवटचे सहा महिने इंटर्नशिप करावी लागते. ती मला व्हाँदे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या एका लहान यार्डात मिळाली. यार्डाचं नाव सांगत नाही. पुढे जो घोळ सांगणार आहे तो माझा असला, तरी निस्तरायला इतरांनाही लागला होता. तिथे छोट्या शिडाच्या होड्या बनायच्या आणि मालकाच्या डोक्यात नवं खूळ शिरलं होतं: मोडल्यावर परत वापरता येईल अशा फायबरची होडी. त्या परिसरात हे खूळ फक्त त्याचं नव्हतं. व्हाँदे हा होड्या बांधणाऱ्यांचा मुलूख. बेनेतोसारख्या मोठ्या समूहाचं मुख्यालय इथेच, सँ-झिल-क्रुआ-द-व्हीला. त्यांनी 'फर्स्ट ४४-ई' ही शिडाची होडी अशा रेझिनमध्ये काढल्यावर आजूबाजूच्या लहान यार्डांनाही स्वस्थ बसवेना.

रुजू झाले त्या रविवारी काकाला फोन केला. काका मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर मासेमारी करतो. त्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं की, इथे अशी फायबरची होडी करतात जी वितळवून तिच्यातून पुन्हा होडी करता येईल. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ता सगळा बरा. पण मोडली की किलोक काय भाव?"

मी हसले. तो हसला नाही.

त्याच्या प्रश्नामागे एक होडी होती. त्याची पहिली फायबर. त्याआधी आमच्या घरात आंब्या-फणसाच्या फळ्यांची लाकडी होडी होती. ती मेली तेव्हा तिच्या बऱ्या फळ्या गोठ्याला लागल्या, बाकीच्या चुलीत गेल्या आणि खिळे आजोबांनी डब्यात भरून ठेवले. फायबर आली तेव्हा सगळे खूश होते. कीड नाही, दरवर्षी फटी बुजवणं नाही, वजनाला हलकी. वीस-बावीस वर्षं तिने काम केलं. मग तळाला तडे गेले, ठिगळांवर ठिगळं चढली आणि शेवटी काकाने ती सुरूच्या झाडांखाली पालथी घातली. भंगारवाला आला. इंजिन घेतलं. पितळी पंखा आनंदाने घेतला. नांगर घेतला, निकामी बॅटरी घेतली. मग होडीवर दोन थापा मारून म्हणाला, "हे नको, काका. हे कुठेच जात नाही."

ती अजून तिथेच आहे. तिच्याखाली कुत्री वितात. वरती जाळी वाळतात. पलीकडच्या वाडीतल्या एकाने वैतागून आपली जुनी फायबर पेटवून दिली होती. दिवसभर काळा धूर. संध्याकाळी राखेत पांढऱ्या केसांसारखी काच उरली होती आणि अनवाणी पोरांच्या पायात ती पुढे कित्येक दिवस शिरत होती.

यार्डात मला शिकवायचं काम साठीच्या घरातल्या एका बाईंकडे होतं. चाळीस वर्षं साच्यात कापड अंथरण्यात गेलेली. मी त्यांना मनातल्या मनात आक्का म्हणायचे. तोंडावर नावाने हाक मारावी लागे, आणि तीही 'तू' म्हणून. पहिले पंधरा दिवस माझी जीभ रेटतच नसे. आईच्या वयाच्या बाईला अरेतुरे! शेवटी मी वाक्यंच अशी रचायला शिकले की 'तू' किंवा 'तुम्ही' लागू नये. परिणामी आक्कांचा बरेच दिवस समज होता की, या मुलीला क्रियापदं येत नाहीत.

नव्या रेझिनचं नाव एलियम. आर्केमा या फ्रेंच रसायन कंपनीचं. पहिल्यांदा पिंप उघडलं आणि वास नाकात गेला तेव्हा मी तिथेच उभी राहिले. हा वास माझ्या ओळखीचा होता, पण होडीचा नव्हता. दांडीवर फायबरच्या कामाचा जो वास येतो तो स्टायरिनचा, गोडसर आणि डोक्यात जाणारा. हा वेगळा होता, तिखट. रात्री झोपताना आठवलं: आजीची कवळी! मालवणात कवळी दुरुस्त करून घ्यायला तिच्याबरोबर जायचे त्या खोलीचा वास. दुसऱ्या दिवशी तपासलं, तर नाक बरोबर होतं. कवळीचा गुलाबी भाग ॲक्रिलिकचा असतो, आणि एलियमही त्याच कुळातलं. मोटारीच्या मागच्या दिव्यांचं लाल प्लास्टिकही त्याच घरातलं. आजीची कवळी आणि फ्रेंच शर्यतीची होडी सख्ख्या नात्यातल्या आहेत, हे मी आक्कांना सांगितलं, तेव्हा त्यांनी तोंडातली स्वतःची कवळी थोडी पुढे काढून दाखवली.

माझा पहिला तुकडा म्हणजे इंजिनवरचं दीड मीटरचं झाकण. पद्धत कागदावर सोपी. साच्यात काचेचं कापड कोरडंच अंथरायचं. त्यावर नंतर सोलून काढायचं कापड, त्यावर रेझिन धावण्यासाठी जाळी, आणि सगळ्यावर प्लास्टिकची मोठी पिशवी. पिशवीच्या कडा पिवळ्या चिकट वातीने साच्याला बंद करायच्या, पंप लावून आतली हवा ओढून घ्यायची आणि मग रेझिनची नळी उघडायची. पोकळीच रेझिन ओढून घेते. पिशवी मात्र साच्यापेक्षा मोठी लागते, नाहीतर कोपऱ्यात ताणून फाटते. म्हणून कडेने चुण्या घालाव्या लागतात. आक्का झरझर चुण्या घालत गेल्या, आणि मी बघतच राहिले. साडीच्या निऱ्या! तशाच, तेवढ्याच, बोटाच्या त्याच हालचालीने. माझ्या निऱ्या मात्र सुटल्या. घरात तीन पिढ्या साडी नेसणाऱ्या बायका आणि मी जीन्समध्ये वाढलेली. ते व्हाँदेच्या किनाऱ्यावर उघडं पडलं.

मग पंप बंद करून काटा बघायचा. काटा हलला तर कुठेतरी हवा शिरतेय. माझा काटा हलत होता. सू, असा बारीक आवाज, कुकरची रिंग जुनी झाली की येतो तसा. येतोय कुठून, ते कळेना. कान लावून साच्याभोवती रांगले. चाळीस मिनिटांनी आक्कांनी वातीखालून बोटाच्या चिमटीत काहीतरी ओढून काढलं आणि माझ्यासमोर उजेडात धरलं. माझा केस. एक केस! दुसऱ्या दिवसापासून वेणी टोपीत.

रेझिन सोडल्यावरचं दृश्य मात्र बघण्यासारखं असतं. पांढरं कापड एका बाजूने काचेसारखं पारदर्शक होत जातं, तेलाचा डाग पसरावा तसं, पण सरळ रेषेत. ती रेषा शेवटच्या कोपऱ्यात पोचेपर्यंत कुणी बोलत नाही. मग तासाभरात ते आपोआप तापतं. पिशवीवर हात ठेवला तर तव्यावरून नुकत्या उतरवलेल्या भाकरीसारखं.

आता यात नवीन काय? परीक्षेत मी हा फरक दहा मार्कांसाठी लिहून आले होते. साच्यापाशी उभं राहून तो आक्कांना समजावता आला नाही, तेव्हा कळलं की तो मलाच कळला नव्हता. शेवटी जाळ्यावरून सांगितलं. नेहमीचं पॉलिएस्टर रेझिन घट्ट होतं तेव्हा त्याच्या साखळ्या एकमेकींना जागोजागी गाठ मारून घेतात. मासेमारीचं जाळं, प्रत्येक घराला गाठ. ते तापवून वितळत नाही. जळतं, नाहीतर तुटतं. एलियम घट्ट होतं तेव्हा साखळ्या लांबलचक होतात, एकमेकींत गुंततात, पण गाठ मारत नाहीत. टोपलीत टाकलेल्या दोरांसारख्या. त्यात ॲक्रिलिकची आणखी एक खोड अशी की, पुरेसं तापवलं तर दोर वितळून थांबत नाही, टोकापासून मणी ओघळावेत तसा सुटत जातो आणि शेवटी ज्या द्रवापासून सुरुवात केली होती तोच द्रव वाफ होऊन बाहेर येतो. ती वाफ गार करायची, शुद्ध करायची, की पुन्हा रेझिन. मागे उरते काच.

आक्का म्हणाल्या, "म्हणजे चाळीस वर्षं मी गाठी मारल्या." मी काय बोलणार?

एका शनिवारी त्या मला ले साब्ल दोलोनला घेऊन गेल्या. व्हाँदे ग्लोब ही एकट्याने जगप्रदक्षिणा करायची शर्यत इथूनच सुटते. धक्क्यावर आक्कांच्या ओळखीचा एक म्हातारा भेटला. मी भारतातली म्हटल्यावर त्याने विचारलं, "टॉमीच्या देशातली?" अभिलाष टॉमी! २०२३ च्या एप्रिलमध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरा येऊन तो याच बंदरात उतरला होता. मी लगेच सांगितलं की, त्याआधी 'म्हादेई' या होडीतून त्याने २०१२-१३ मध्ये मुंबईहून निघून न थांबता एकट्याने जग फिरून दाखवलं होतं आणि ती होडी आमच्या शेजारी गोव्यात, दिवाडीवर, रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. म्हाताऱ्याने मान डोलावली आणि मग एक गोष्ट सांगितली, जिने माझा पुढचा आठवडा खाल्ला. गोल्डन ग्लोबचा नियमच असा की, होडीचा आराखडा १९८८ च्या आधीचा हवा. म्हणजे त्या सगळ्या जुन्या पद्धतीच्या फायबरच्या होड्या. अजून दक्षिण महासागर ओलांडतायत. "फायबर मरत नाही," तो म्हणाला. तो अभिमानाने सांगत होता. मला सुरूखाली पालथी पडलेली होडी दिसत होती.

फ्रान्समध्ये ती न मरणारी होडी कुठे जाते, ते पुढच्याच आठवड्यात बघायला मिळालं. २०१९ पासून इथे होड्या बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर कायद्याने जबाबदारी आहे: प्रत्येक नव्या होडीमागे काही रक्कम भरायची, आणि त्या पैशातून 'आपेर' नावाची संस्था जुन्या होड्या मोडून देते. मालकाने होडी मोडण्याच्या जागेपर्यंत आणून द्यायची, मोडायचे पैसे नाहीत. मी गेले त्या दिवशी सात मीटरची एक होडी आली होती. आधी डिझेल आणि तेल काढून घेतलं. मग इंजिन. ॲल्युमिनियमची डोलकाठी एका ढिगात. तळाचं लोखंडी वजन दुसऱ्या ढिगात. आतलं लाकूड, तारा, बॅटरी. सगळं नीट, शिस्तीत. शेवटी राहिलं नुसतं कवच. यंत्राच्या पंज्याने ते उचललं, चिरडलं आणि एका मोठ्या डब्यात टाकलं. तो डबा कुठे जातो, असं विचारलं. बहुतेक जमिनीत पुरायला. काही ठिकाणी तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत, इंधन म्हणून.

मला एकदम हसू फुटलं. सोबतच्यांना कळेना. मालवणचा भंगारवाला आणि फ्रेंच सरकारचा कायदा, दोघे एकाच जागी येऊन थांबले होते. इंजिन हो, नांगर हो, बॅटरी हो. हे नको. फरक एवढाच की, इथे नकोला रांग होती आणि पावती होती. हा फरक लहान नाही, हे खरं. किनाऱ्यावर कुणी पेटवत तरी नाही.

मग आली ती बैठक. आमच्यासारख्या लहान यार्डांना मोठ्यांच्या मागून जायचं होतं. मोठ्यांनी काय केलं होतं, ते तोवर इथे सगळ्यांना पाठ झालं होतं. बेनेतोच्या यार्डातला एलियमचा टाकाऊ माल व्हेओलियाने गोळा करायचा. स्वित्झर्लंडच्या कॉम्पोझिट रिसायकलिंगने हवा न लागू देता तापवून त्यातून रेझिनची वाफ आणि काच वेगळी करायची. वाफेचा द्रव आर्केमाकडे, पुन्हा रेझिन होण्यासाठी. काच ओवेन्स कॉर्निंगच्या भट्टीत, पुन्हा धागा होण्यासाठी. धागा शोमाराकडे, कापड विणायला. कापड पुन्हा बेनेतोच्या साच्यात. सहा कंपन्या, एक चक्र. आमच्या बैठकीत नावं वेगळी आणि लहान होती, पण खुर्च्या तशाच मांडल्या होत्या: यार्ड, कचरा उचलणारे, तापवणारे, रसायनवाले, काचवाले, विणणारे. माझं काम टिपण घेण्याचं.

पहिल्या तासात मला एवढंच कळलं की, प्रत्येकाला दुसऱ्याचा माल स्वच्छ हवा होता. काचवाल्यांची भट्टी वर्षानुवर्षं विझत नाही, त्यामुळे तिच्यात घाण गेली तर भट्टी बंद करून साफ करायची सोय नसते. रसायनवाल्यांना द्रवात दुसऱ्या रेझिनचा थेंब नको. तापवणाऱ्यांना तुकडे ठरावीक मापाचे हवेत. उचलणाऱ्यांना अर्धा भरलेला ट्रक नको. सगळे यार्डाकडे बघत होते. यार्डाचा मालक माझ्याकडे बघत होता. श्यूत माझ्याकडे होती ना!

मग मालकाने विचारलं, कुणाला काही शंका? मी टिपणाच्या वहीतून मान वर केली आणि तोंडून निघून गेलं, "किलोला भाव काय?"

शांतता. मला वाटलं, पुन्हा शब्दाचा घोळ झाला. मग काचवाल्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, सकाळपासून सगळे याच प्रश्नाच्या भोवती फिरतायत. त्यानंतरचा अर्धा तास त्या दिवसातला सगळ्यात खरा. रेझिनच्या द्रवाला भाव आहे. तो महाग माल, शुद्ध निघाला तर घेणारे आहेत. काचेला जवळजवळ नाही. नवा काचेचा धागा मुळातच इतका स्वस्त की, जुन्याने त्याच्याशी स्पर्धा करायची कशी? शिवाय साडेचारशे-पाचशे अंशांच्या आसपास तापलेला धागा निम्मी किंवा त्याहूनही जास्त ताकद गमावून बसतो. तोच धागा तसाच पुन्हा वापरला तर डब्याचं झाकण होईल, होडीचा तळ नाही. म्हणून तो वितळवून पुन्हा काचच करायची. पण मग त्याची किंमत कच्च्या मालाइतकी, म्हणजे जवळजवळ वाळूइतकी. वाहतूक त्याहून महाग. आणि असा माल आहे तरी किती? एलियमच्या होड्या आत्ता कुठे बांधल्या जातायत. त्या म्हाताऱ्या व्हायला तीस-चाळीस वर्षं. तोवर चक्र फिरवायचं कशावर? तर कातरणांवर. टेबलाखाली पडलेल्या श्यूतवर.

विणणाऱ्यांच्या माणसाने मधेच जवसाचं काढलं. जवस म्हणजे आपली चटणीवाली जवस, तिच्या देठाचा धागा. फ्रान्स हा त्या धाग्याचा जगातला सर्वात मोठा उत्पादक, त्यामुळे इथल्या लोकांना त्याचं भारी कौतुक. ब्रिटनीतल्या कोंकार्नो गावातून (नावातच कोंकण!) रोलाँ जूर्दँ या दर्यावर्दीच्या काइरोस कंपनीच्या पुढाकाराने २०१३ मध्ये जवस, बूच आणि बाल्सा वापरून ७ मीटरची 'ग्वालाझ' ही तीन धडांची होडी पाण्यात उतरली होती. २०१० मध्ये तर कोरांताँ द शातेलपेरों हा फ्रेंच इंजिनिअर ताग घातलेल्या 'तारातारी' होडीतून बांगलादेशहून फ्रान्सला आला होता. मला हे ऐकून भरून आलं. ताग तर आपल्याकडेही! पण तापवणाऱ्यांचा माणूस शांतपणे म्हणाला, "माझ्या भट्टीत काच उरते. जवस उरत नाही." जवसाची होडी बनवताना हलकी आणि हिरवी, पण या चक्रात ती बसत नाही, तिचं चक्र वेगळं काढावं लागेल. 'शाश्वत' हा शब्द मी त्या दिवशी टिपणात एकदाच लिहिला आणि नंतर खोडला. त्यात कुणाचंच बोलणं मावत नव्हतं.

बैठकीनंतर मी तीन मोठे डबे मांडले. निळा: कोरडं कापड. हिरवा: एलियमचे घट्ट झालेले तुकडे. लाल: पॉलिएस्टरचे. यार्डात दोन्ही कामं चालू होती, कारण जुन्या गिऱ्हाइकांच्या दुरुस्त्या पॉलिएस्टरमध्येच होत. पाट्या लावल्या, चित्रं काढली. तीन आठवडे मी ऐटीत होते.

मग एका शुक्रवारी घाईत दोन ट्रॉल्या हिरव्या डब्यात ओतल्या. सोमवारी आक्कांनी डब्यात डोकावून विचारलं, दुरुस्तीच्या होडीचे तुकडे यात कसे? मी वाकून बघितलं. वरचा जेलकोटचा थर नसलेले सगळे तुकडे सारखेच दिसत होते. तोच हिरवट-पांढरा रंग, तीच जाडी, तीच काच. पंधरा दिवसांचा माल आणि उचलणारा ट्रक गुरुवारी.

ओळखायचे कसे? प्रयोगशाळेत नमुने पाठवायला वेळ नव्हता. आक्कांनी ॲसिटोनची बाटली आणि चिंधी आणली. एका तुकड्यावर ओली चिंधी मिनिटभर दाबून धरली आणि मग अंगठा टेकवला. अंगठा चिकटला: एलियम. दुसऱ्यावर दाबली, अंगठा टेकवला. कोरडं, टणक: पॉलिएस्टर. गाठ मारलेलं जाळं ॲसिटोनला दाद देत नाही. मोकळे दोर विरघळू लागतात. दहा मार्कांचं उत्तर अंगठ्याच्या टोकावर. खिडक्या उघड्या, हातमोजे, मास्क आणि दोन दिवस आम्ही दोघी बादल्यांवर बसून तुकडा-तुकडा चाचपत होतो. चिकट, कोरडं, चिकट, चिकट, कोरडं. हातमोज्यांची बोटं ॲसिटोनने फुगून आमटीतल्या शेंगांसारखी झाली. फोरमन एकदा आला, बघितलं आणि दोन कॉफ्या ठेवून गेला. एक शब्द बोलला नाही. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

त्या दोन दिवसांत मला एक गोष्ट छळत होती. आम्हाला निदान माहीत होतं की या डब्यात दोनच जाती आहेत. चाळीस वर्षांनी कुठल्यातरी बंदरात एक होडी मोडायला येईल. यार्ड बंद पडलेलं असेल, आक्का नसतील, कागद गेलेले असतील, मधल्या काळात चार मालकांनी चार रेझिनची ठिगळं मारलेली असतील. तेव्हा चिंधी घेऊन कोण बसेल? मालकाला मी सुचवलं की, आतल्या बाजूला एक पट्टी रेझिनमध्येच बुडवून टाकू, होडीला काय लागलंय ते लिहून. त्याने ते मनावर घेतलं. मजकूर कुठल्या भाषेत लिहावा यावर यार्डात आठवडाभर वाद चालला. फ्रेंच जिंकलं, अर्थात.

त्या गुरुवारी ट्रक आला. ड्रायव्हरने हिरवा डबा उचलला, वजनाचा काटा बघितला आणि मला कागद दिला. मी आधी आकडा शोधला. वजन होतं. भावाचा रकाना होता. त्यात आडवी रेघ.

एक मात्र मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं: हे रेझिन होड्यांच्या जिवावर जगत नाही. जगतं ते पवनचक्क्यांच्या आशेवर. २०२२ मध्ये स्पेनमधल्या पोनफेराडा इथे एलियमचं ६२ मीटर लांबीचं अख्खं पातं तयार झालं. 'झेब्रा' नावाच्या त्या प्रकल्पाचं नेतृत्व आमच्याच नाँतजवळच्या झ्यूल व्हेर्न संशोधन संस्थेकडे होतं. होडीवाले अशा एका पात्याच्या सावलीत उभे आहेत. पवनचक्कीवाल्यांनी चक्र फिरवलं तर आमची कातरणंही त्यात जातील. नाही फिरवलं तर होडीवाल्यांच्या डब्यांसाठी एवढी मोठी भट्टी कोण पेटवणार? बैठकीत हे कुणी बोललं नाही, कॉफीच्या वेळी सगळे बोलले.

सप्टेंबरात घरी आले. दांडीवर पाऊस ओसरत होता, सुरूखालची होडी होती तिथेच. तिच्या कडेने आता गवत उगवलं होतं. शेजारी वाळूत नवीकोरी होडी उभी, निळीशार. काकाने गणपतीच्या आधी आणलेली. अर्थात फायबर.

चुलतबहिणीची नेलपॉलिश काढायची बाटली आणि कापूस घेऊन मी जुन्या होडीपाशी बसले. उत्तर मला माहीत होतं, तरी बसले. नाळेजवळ रंग उडालेल्या जागी कापूस मिनिटभर दाबून धरला आणि अंगठा टेकवला. काका पाठीमागे उभा होता.

"चिकाट झाला?"

"नाय."

तो खाली बसला. कापूस हातात घेतला. त्याला लाल रंग लागला होता, होडीच्या नावातल्या एका अक्षराचा.

"मगे ती बाटली हयच ठेय," तो म्हणाला. "नाव पुसूचा आसा. नव्या होडीक तेच घालूचा. दोघींक एकच नाव बरा नाय."

त्याने पहिलं अक्षर घासायला घेतलं. मी आणखी कापूस आणायला घराकडे गेले.